आमचा हजेरीपट मागवा

मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,



लोहारा म्हटलं की मुंबई-पुण्याकडच्यांना धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आठवतं. माझं लोहारा वेगळं. हे यवतमाळला खेटून असलेलं, आता शहरातच जमा झालेलं गाव. गावाच्या अंगाला एमआयडीसी आहे. १९९६ साली इथे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं आणि त्याच सुमारास रेमंडची डेनिमची गिरणी आली. एका कुंपणाआड कापसाचं कापड व्हायला लागलं आणि दुसऱ्या कुंपणाआड कास्तकारांच्या पोरापोरींचे इंजिनिअर. माझे बाबा याच एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आधी बरीच वर्षं हिंजवडीला होते, कोरोनानंतर बहुतेक काम इथूनच करते, आमच्या माडीवरच्या खोलीतून.

हिंजवडीचं आयटी पार्कही एमआयडीसीचंच. १९६२ साली स्थापन झालेल्या एकाच महामंडळाची ही दोन आवारं. बाबांनी एका आवारात जन्म काढला, मी दुसऱ्यात उमेदीची वर्षं घातली. फरक एवढाच, की आपलं खातं बाबांना ओळखत होतं. मला ओळखत असल्याची एकही खूण मला कुठल्या कागदावर सापडत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड.

बाबांनी जुन्या पगारपत्रकांचा गठ्ठा पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला आहे. पातळ, पिवळट कागद. त्यावर हजर दिवस, भरपगारी रजा, ओटीचे म्हणजे ओव्हरटाइमचे तास, ओटीची रक्कम असे वेगवेगळे रकाने. १९४८च्या कारखाने कायद्याप्रमाणे जादा तासाला दुप्पट दर. बाबा फारसे शिकलेले नाहीत, पण ओटीचा अर्धा तास जरी कमी लागला तरी टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे आणि तो लावून घेऊनच परत यायचे. माझं पगारपत्रक ईमेलने येतं, पासवर्ड टाकून उघडावं लागतं. त्यात बेसिक आहे, घरभाडं आहे, स्पेशल अलाउन्स आहे, व्हेरिएबल पे आहे. तास हा शब्द त्यात कुठेही नाही. रक्कम बाबांच्या पगाराच्या कितीतरी पट आहे, हे कबूल. याच पगारातून घरावर माडी चढली आणि वावरावरचं सोसायटीचं कर्ज फिटलं. आम्हाला रडायला काय झालं, असं कुणी म्हटलं तर मला राग येत नाही. पण जास्त पगार मिळतो म्हणून किती वेळ काम केलं ते लिहायचंच नाही, असं कुठल्या कायद्यात आहे?

तास लिहिले जातात, पण ते टाइमशीटमध्ये. ही काय चीज आहे ते आपल्याला सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येकाला आठवड्याचं टाइमशीट भरावं लागतं. भरलं नाही तर तीन-तीन स्मरणपत्रं येतात, मॅनेजरला वेगळं जातं. सोमवार ते शुक्रवार पाच चौकटी. मी ज्या कंपन्यांत काम केलं, तिथे त्या चौकटीत आठ लिहिलं की ती हिरवी होते. अकरा लिहिलं की लाल होते आणि मॅनेजरशी बोला असा संदेश येतो. शनिवार-रविवारच्या चौकटी राखाडी असतात, त्यांत आकडा टाकताच येत नाही.

असं का, याचं उत्तर साधं आहे. परदेशातल्या ग्राहकाशी करार झालेला असतो तो माणशी दिवसाच्या आठ तासांचा, नाहीतर अख्ख्या कामाच्या ठोक रकमेचा. काम घेताना कंपनी स्पर्धेपायी अंदाज कमी सांगते. सहा महिन्यांचं काम चार महिन्यांत देऊ म्हणते. मग ते दोन महिने कुठून तरी काढायचे असतात, आणि ते आमच्या संध्याकाळींतून आणि रविवारांतून निघतात. ते टाइमशीटमध्ये उतरले तर अंदाज चुकला होता हे उघडं पडेल, प्रोजेक्टचा नफा घसरलेला दिसेल. म्हणून मॅनेजर गोडीत सांगतो, ‘आठच टाक गं, उगाच वर प्रश्न येतात.’ तोही बिचारा आठच टाकत असतो. सगळ्यांना ठाऊक असलेली आणि सगळ्यांनी मिळून भरलेली ही खोटी हजेरी आहे. बाबांच्या कारखान्यात कुणी असं कार्ड पंच केलं असतं तर टाइमकीपरची नोकरी गेली असती.

२०२३च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा देशभर वादळ उठलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं विधान गाजलं. इन्फोसिसचा जन्म १९८१ साली आपल्या पुण्यातला, म्हणून मूर्तींचं बोलणं आमच्याकडे जरा जास्तच लागलं. खरं सांगू? मला त्यांचा राग आला नाही. निदान त्यांनी आकडा तरी तोंडाने सांगितला. आमच्या टाइमशीटमध्ये आठवड्याचे तास चाळीसच आहेत आणि राहतील.

आता माझ्या दिवसाबद्दल थोडं. सकाळी दहाला भारतातल्या टीमची स्टँडअप मीटिंग असते. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं, एवढंच बोलायचं. नावापुरती उभ्याने पंधरा मिनिटांची, प्रत्यक्षात बसून पाऊण तासाची. मग काम. संध्याकाळी अमेरिकेतल्या ग्राहकाची सकाळ उगवते आणि तिकडची मीटिंग सुरू होते. न्यू यॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. कारण मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आमच्या घरी भाकरी टाकायची वेळ वर्षातून दोनदा अमेरिकेचं सरकार ठरवतं. आईने त्याची नोंद कालनिर्णयवर करून ठेवली आहे.

मीटिंग संपते तेव्हा रात्रीचे साडेनऊ-दहा झालेले असतात. सकाळच्या दहापासून मोजलं तर बारा तास. मधे जेवण झालं, कपडे वाळत घातले, लाइन गेली म्हणून अर्धा तास इन्व्हर्टरच्या टीं-टीं आवाजात काढला, हे सगळं खरं. पण त्या बारा तासांत फोन हातावेगळा होत नाही. शेजारच्या काकूंना अजून वाटतं की माझी नोकरी सुटली आहे. ‘पोरगी घरीच रायते, काही पाह्यलं का तिच्यासाठी?’ असं त्या आईला विचारतात. बाबांचा प्रश्न जास्त नेमका असतो. रात्री जिन्यातून वर येऊन ते दार लोटतात आणि म्हणतात, ‘तुह्या कंपनीले भोंगा नाही काय वं?’

आपल्याच राज्याचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा मी वाचला आहे. मूळ कायद्यात दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत दिवसाला नऊ तास होते, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती होती. विश्रांती धरून दिवसाचा सगळा पसारा साडेदहा तासांच्या आत होता. जादा कामाला दुप्पट वेतन. बायकांना रात्री साडेनऊनंतर काम द्यायचं तर त्यांची संमती हवी, सुरक्षिततेची आणि ने-आणीची व्यवस्था हवी. आणि कामगार कोण, तर अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा. तांत्रिक हा शब्द तिथे स्वच्छ लिहिलेला आहे. २०२५च्या सप्टेंबरात आपल्या मंत्रिमंडळाने दिवसाचे नऊ तास दहा करायला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तासांवरून १४४ वर न्यायला मंजुरी दिली, तेव्हा कामगार संघटनांनी विरोध केला. आमच्यात कुणी हूं की चूं केलं नाही. जिथे नऊच कधी मोजले नाहीत, तिथे दहा झाले काय आणि बारा झाले काय.

आणि साडेनऊनंतरच्या संमतीचा कागद माझ्यासमोर आजवर कुणी ठेवलेला नाही. मी घरी आहे ना. ने-आणीचा प्रश्न तर जिना उतरला की मिटला.

एका रात्रीबद्दल मात्र सविस्तर सांगते, म्हणजे हे काम कसं असतं याची कल्पना येईल. आमचं सॉफ्टवेअर एका विमा कंपनीचं. नवी आवृत्ती चढवायची ती शनिवारी रात्री, कारण तेव्हा तिकडचे ग्राहक कमी असतात. त्या कॉलवर चाळीस-एक माणसं होती, बहुतेक सगळी म्यूटवर. दीडच्या सुमाराला डेटाबेसचं काम सुरू झालं आणि दोन टेबलं झाल्यावर अडकलं. आता पुढे जाता येईना, मागेही नीट येता येईना. तिकडचा एक मॅनेजर दर दहा मिनिटांनी विचारायचा, किती वेळ लागेल? ज्याला कारणच ठाऊक नाही त्याने वेळ काय सांगायची! एक-एक नोंद तपासत गेलो. पहाटे चारच्या पुढे सापडलं. आमच्या चाचणीच्या डेटाबेसमध्ये पत्त्याचा रकाना शंभर अक्षरांचा होता, प्रत्यक्षातल्या डेटाबेसमध्ये साठचा. कुण्या एका म्हातारीने आपला पत्ता घराच्या खुणेसकट लांबलचक लिहिला होता आणि तो साठ अक्षरांत मावेना. दुरुस्ती केली, पुन्हा चालवलं, चाललं. खिडकीबाहेर एमआयडीसीच्या दिव्यांवर उजाडायला लागलं होतं. त्या क्षणी मला झालेला आनंद खोटा नव्हता. हे काम मला आवडतं, महोदय. डोकं लढवून गाठ सोडवायचा पगार मिळतो, हे सुख फार थोड्या धंद्यांत आहे. यवतमाळच्या सेकंडहँड पुस्तकांवर शिकलेल्या मुलीला ओळखदेख न विचारता, एका लेखी चाचणीवर आत घेणारा धंदाही हाच. त्या उपकाराची मला जाणीव आहे.

पण त्या शनिवार-रविवारच्या चौकटी टाइमशीटमध्ये राखाडीच राहिल्या. बदली सुट्टी देऊ म्हणाले होते. ती तीस दिवसांत घेतली नाही तर बुडते, आणि त्या तीस दिवसांत पुढची आवृत्ती होती.

हे झालं तासांचं. त्याहून मोठी गोष्ट आहे ती नोकरी सुटण्याची.

पुण्यातल्या एका कंपनीत माझा एक सहकारी होता, आमच्याच भागातला, वणीकडचा. अकरा वर्षांची नोकरी, घराचं कर्ज, धाकटं मूल पाळण्यात. दोन महिने त्याला प्रोजेक्ट नव्हता. आमच्याकडे त्याला बेंचवर असणं म्हणतात. काम मिळवून देणं हे खरं तर कंपनीचं काम, पण बेंचवर बसलेला माणूस आपोआप गुन्हेगार होतो. एका गुरुवारी त्याला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. एचआरची दोन माणसं, आणि समोर त्याचाच लॅपटॉप उघडा, राजीनाम्याचं पान आधीच लावून ठेवलेलं. आज राजीनामा दिलास तर दोन महिन्यांचं बेसिक देऊ. दिला नाहीस तर कामगिरी वाईट म्हणून काढू, मग अनुभवाच्या पत्रावर तसा शेरा येईल आणि पुढची कंपनी चौकशीत तो बघेल. घरी फोन करायचा होता, तर आधी बटण दाब म्हणाले. त्या पानावर राजीनाम्याचं कारण निवडायचं होतं. उच्च शिक्षण, चांगली संधी, स्थलांतर, वैयक्तिक कारण. चारच पर्याय होते. त्याने वैयक्तिक कारण निवडलं. चार वाजता त्याचं कार्ड दारावर चालेनासं झालं आणि सिक्युरिटीवाल्याने त्याची बॅग तपासली. तो सिक्युरिटीवाला रोज त्याच्याशी क्रिकेटवर बोलणारा.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘लेबर ऑफिसात नाही गेला का तो?’ गेला असता तर काय सांगितलं असतं? कामगारकपातीच्या कायद्यात महिन्याची नोटीस आहे, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार आहे, सरकारला कळवणं आहे. अकरा वर्षांचा हिशेब साडेपाच महिन्यांचा होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत तर कपात झालेल्यासाठी आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाचा पुनर्कौशल्य निधीही आहे. पण हे सगळं कपात झालेल्यांसाठी. त्याने तर वैयक्तिक कारणाने राजीनामा दिला होता. एका बटणाने कायद्याचा अख्खा अध्यायच कडेला पडतो, आणि ते बटण दाबणारं बोट कामगाराचं असतं.

हे एकट्या-दुकट्या कंपनीचं नाही. २०१७ मध्ये टेक महिंद्राच्या एचआरने एका कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राजीनामा द्यायला सांगितल्याची ध्वनिफीत बाहेर आली. खुद्द आनंद महिंद्रांनी जाहीर माफी मागितली, ते त्यांच्या मोठेपणाला धरूनच होतं. पण ध्वनिफीत नसती तर? जुलै २०२५ मध्ये टीसीएसने दोन टक्के, म्हणजे सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं. पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना लिहिलं की एकट्या पुण्यात सुमारे अडीच हजार जणांवर राजीनाम्याची सक्ती झाली. कंपनीने ते फेटाळलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रातून प्रशिक्षणार्थी काढले गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी २०२२ साली हातात आलेलं ऑफर लेटर घेऊन दोन-दोन वर्षं वाट पाहिली होती. परीक्षेत नापास झालेले तीनशेच्या वर, असं कंपनी म्हणाली. संघटना म्हणाली, सातशे.

कोण खरं, कोण खोटं, यात मी पडत नाही. मला आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. एवढ्या मोठ्या राज्यात, एवढ्या मोठ्या खात्याकडे, पुण्याच्या राजीनाम्यांचा आकडा पडताळून पाहता येईल अशी एकही वही नाही. दोन्ही बाजू वर्तमानपत्रात भांडल्या आणि विषय विरून गेला.

आमच्या जिल्ह्याला मोजदादीचा कडू अनुभव आहे. शेतकरी आत्महत्यांची नोंद कलेक्टर कचेरीत होते, पात्र-अपात्र ठरतं, त्यावरून आमच्या इथे घराघरांत भांडणं झाली आहेत. मोजल्याने माणूस परत येत नाही, पण मोजलं म्हणूनच यवतमाळचं दुखणं दिल्लीपर्यंत गेलं. आमच्या दुखण्याची त्या दुखण्याशी बरोबरी करण्याइतकी मी निर्लज्ज नाही. सरकारदरबारी ज्याची नोंद नाही तो प्रश्नच नसतो, एवढं मात्र या मातीत वाढलेल्या कुणालाही शिकवावं लागत नाही.

गंमत म्हणजे आमची नोंद इतरांकडे चोख आहे. नॅसकॉमने २००६ सालीच नॅशनल स्किल्स रजिस्ट्री काढली. तिच्यात बोटांच्या ठशांसकट आमची माहिती आहे, आधीच्या नोकऱ्या आहेत, आम्हाला नंबर आहे. मालकांना आम्ही मोजदाद करण्याइतके महत्त्वाचे वाटलो. दुसरी नोंद केंद्र सरकारच्याच पीएफकडे. माणूस नोकरी सोडून गेला की कंपनीला त्याची तारीख आणि कारण पोर्टलवर भरावं लागतं. कारणांत निवृत्ती आहे, मृत्यू आहे, कायमचं अपंगत्व आहे, आणि बाकी सगळ्यांसाठी नोकरी संपली अशा अर्थाचा एक पर्याय. माझ्या सहकाऱ्याच्या राजीनाम्याला चार पर्याय होते, इथे तर त्यासाठी एकच. पण तारीख आहे! एखाद्या कंपनीतून एरवी महिन्याला शंभर माणसं जात असतील आणि एका महिन्यात अचानक बाराशे गेली असतील, तर बाराशे जणांना एकाच वेळी वैयक्तिक कारण कसं सुचलं, एवढा प्रश्न विचारायला नवा कायदा लागत नाही.

आपले अधिकारी म्हणतील की आयटीवाले कामगारच नाहीत. पदनामाच्या पाटीला ते फसतात. आमच्याकडे पाच वर्षांत माणूस लीड होतो, आठ वर्षांत मॅनेजर. बाबांच्या हाताखाली चार हेल्पर होते, म्हणून त्यांना कुणी मॅनेजर म्हटलं नाही. न्यायालयं पदनाम बघत नाहीत, हातून होणारं काम बघतात, हे आपल्या खात्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी दिवसभर कोड लिहिते आणि दुसऱ्याने लिहिलेला तपासते. कुणाला नोकरीवर ठेवण्याचा, काढण्याचा, साधी रजा मंजूर करण्याचा अधिकार मला नाही. नव्या संहितेत देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार १८,००० च्या वर असला की तो कामगार राहत नाही. सॉफ्टवेअरमधल्या सगळ्यात नव्या पोरालाही त्याहून जास्त मिळतं, तेव्हा देखरेख हा शब्द कुणाच्या कपाळी चिकटवला जातो यावर आमचं सगळं अवलंबून आहे. तमिळनाडू सरकारने २०१६ सालीच स्पष्ट केलं की आयटी कर्मचाऱ्यांना तेव्हाचा औद्योगिक विवाद कायदा लागू आहे आणि त्यांना संघटना करता येते. त्यानंतर चेन्नईतून कंपन्या पळून गेल्याचं मी ऐकलं नाही. महाराष्ट्राने असं एक साधं परिपत्रक काढावं, एवढं मागणं फार नाही.

कंपन्या बेंगळुरूला, हैदराबादला जातील ही भीती आपल्याला दाखवली जाईल. हिंजवडीतून कुणी जात असेल तर ते वाकडच्या पुलावरच्या दोन-दोन तासांच्या कोंडीला कंटाळून. हजेरी लिहावी लागते म्हणून गेलेली कंपनी माझ्या पाहण्यात नाही. दुसरी भीती एआयची. आता कोड यंत्रच लिहिणार, जास्त बोललात तर उरलेल्या नोकऱ्याही जातील, असं आम्हाला आडून-आडून ऐकवलं जातं. यंत्र कोड लिहितं, बरा लिहितं, मीही रोज वापरते. म्हणून तर जाणाऱ्यांची नोंद आत्ताच हवी, पाच वर्षांनी यंत्राने किती जणांना घरी बसवलं यावर समिती नेमून काय करणार?

आमच्या गावातल्या कॉलेजची पोरं दरवर्षी ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसून रात्रभर प्रवास करत पुण्याला जातात. यवतमाळला ब्रॉडगेज अजून पोचायची आहे. वर्ध्याहून कळंबपर्यंत २०२४ साली आली, पुढचं काम चाललं आहे. पोरं मात्र थांबत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी नव्या मुलाला सालीना सव्वातीन-साडेतीन लाख मिळायचे, आजही मोठ्या कंपन्या साडेतीनच देतात. त्यात हिंजवडीत तिघं मिळून एक खोली होते. ती माझ्याकडे येतात, ताई काय करू विचारतात. मी त्यांना जा म्हणून सांगते. काम चांगलं आहे. नेमणूकपत्र नीट वाच, बाँडवर सही करताना घाई करू नकोस, मूळ गुणपत्रिका कुणाच्या ताब्यात देऊ नकोस, आणि तुझे खरे तास रोज रात्री स्वतःच्या वहीत लिहून ठेव, असंही सांगते. नव्या कामगार संहितांमुळे नेमणूकपत्र सक्तीचं झालं, सात तारखेच्या आत पगार आला, सोडून गेल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब मिळायला हवा हेही आलं. या गोष्टी चांगल्या आहेत. पण तासांसाठी बाविशीतल्या पोराने स्वतः वही ठेवावी लागणं, हे आपल्या खात्याला शोभत नाही.

मी खाली नाव लिहिलेलं नाही. माझ्या नोकरीच्या करारात गोपनीयतेचं कलम आहे, आणि त्याचा अर्थ कंपनी काय लावेल ते मला माहीत आहे. हे पत्र सुट्टीच्या दिवशी, घरच्या कॉम्प्युटरवर लिहिलं, तरीही.

आपल्याकडे माणसं कमी आहेत, सगळ्या कंपन्या तपासणं शक्य नाही, हे मला समजतं. एकच करा. पुण्यातली कुठलीही एक मोठी कंपनी निवडा आणि तिच्याकडून एका शनिवारचे दोन कागद मागवा. पहिला त्या दिवशीच्या टाइमशीटचा. दुसरा व्हीपीएनच्या नोंदीचा, म्हणजे कंपनीच्या यंत्रणेत कोण किती वाजता शिरलं आणि किती वाजता बाहेर पडलं त्याचा. हा दुसरा कागद प्रत्येक कंपनीकडे सेकंदासकट असतो. सुरक्षेसाठी तो जपावाच लागतो आणि परदेशी ग्राहकाच्या ऑडिटरला तो दाखवलाही जातो. कायद्याने नोंदवह्या संगणकावर ठेवायला परवानगी आहे, तेव्हा छापायचाही त्रास नाही. आपल्या निरीक्षकाला कोड यायची गरज नाही, दोन रकान्यांची वजाबाकी आली तरी पुरे. जो फरक निघेल त्याला दोनने गुणायचं आणि कंपनीला पत्र पाठवायचं.

आपली,
एक सॉफ्टवेअर इंजिनिअर
लोहारा, जि. यवतमाळ